दीड हात

पहाटे साडेपाचला तबेल्यात चार तोंडं माझ्याकडे वळतात
आणि चौघांनाही मी वेगळीच बाई वाटते.

बिजलीला मी म्हणजे हरभऱ्याचा तोबरा.
सुलतानला मी म्हणजे लगाम.
काजळीला नुसता आवाज, तिच्या डाव्या अंगाला असले तर;
तो डोळा शिंगरू असतानाच बाभळीच्या काट्यानं गेला.
आणि नवरदेव,
त्याला मी कोण ते त्यानं अजून ठरवलेलं नाही.

नवरदेव हे नाव केरबानं ठेवलं.
अकरा वर्षं कंधार, लोहा, मुखेडच्या वराती वाहिल्या त्यानं,
कपाळाला झुंबर, पायात चाळ,
जागच्या जागी नाचायचं, एवढीच विद्या.
माळेगावच्या जत्रेत मालक म्हणाला,
घेऊन जा बाई, लेकरं बसवायला कामाला येईल.
मी दात बघितले. खूर उचलून नाल ठोकून ऐकली.
बाप नालबंद होता माझा,
घोड्याचं खोटं तो नालेत ऐकायचा, माणसाचं त्याला कळलं नाही.

मैदान म्हणजे मन्याडकाठची काळी रान.
हिवाळ्यात तिला अशा भेगा पडतात की खूर अडकावा,
म्हणून कारखान्याची उसाची चिपाडं अंथरतो.
अडथळे: जिनिंगचे रिकामे पिंप, वर बांबू,
चुना आणि गेरूचे पट्टे.

बिजलीची चाल रवाल.
पाठीवर दुधाचा पेला घेऊन बसा, थेंब सांडणार नाही.
पण रवाल चालीतून उडी निघत नाही.
तिला दौड शिकवताना मी रोज मनात माफी मागते.
चाल मोडत नाही गं तुझी, बाजूला ठेवायला शिकवते,
जशी मी घरची दखनी
पंचायत समितीच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवते.

काजळीला अडथळा उजवीकडून दाखवायचा,
मग डावीकडून सांगायचा.
आता, आता, हां.
ती माझ्या शब्दावर उडते.
कुणी इतका विश्वास टाकला की
रात्री झोप लागत नाही, खरंच सांगते.

तर त्या दिवशी शर्वरी नवरदेवावर होती,
बारा वर्षांची, हेल्मेट कपाळावर घसरलेलं.
दुडकी छान, मांड पक्की, बांबू फक्त दीड हात.
चार पावलं उरली असतील
आणि लोह्याच्या रस्त्यावर वरात आली. हलगी, बाजा, सनई.
नवरदेवानं कान टवकारले,
मान कमानीसारखी वाकवली
आणि बांबूच्या तोंडाशी नाचू लागला.

केरबा धावला. मी हात वर केला. राहू दे.
पोरगी आधी घाबरली, मग हसत सुटली.
रस्त्यावरची वऱ्हाडी मंडळी थांबली,
एकानं लांबूनच दहाची नोट ओवाळली.
गुडघे वाजत होते त्याचे. मला इथपर्यंत ऐकू येत होते.

वरात निघून गेली. तो थांबला,
बांबूकडे बघितलं, जणू आत्ताच दिसला,
आणि बाजूनं चालत निघून गेला.

उडी मारली असती तर गोष्ट झाली असती.
नाही मारली.

संध्याकाळी शर्वरीच्या आईचा फोन,
जिल्ह्याच्या स्पर्धेला दुसरा घोडा द्या म्हणाल्या.
मी काजळी म्हटलं. मग डोळ्याचं सांगावं लागलं.
तिकडे बराच वेळ काही नाही.

सुलतानचं राहिलंच.
रेसमधून आलेला, एकाच बाजूला वळणारा,
पळ म्हणावं लागत नाही त्याला.
बांबू दिसला की अंगातून जोर सोडतो, उंच, आंधळा,
दोनदा मला पाडलंय.
म्हणून त्याच्यासाठी मी बांबू जमिनीवरच ठेवलाय.
उड म्हणत नाही. ओलांड.
पाऊल कुठं पडतं ते बघ.

अंधार होत आलाय. केरबा कडबा तोडतोय.
सुलताननं मान खाली घातली,
बांबूचा वास घेतला, फुंकर मारली,
एक पाय उचलला
आणि तसाच धरून उभा आहे.

मी लगाम ढिला सोडते.
घाई नाही.